बाबांचं ‘हाँ जी’

मंगळवारी सकाळी अकरा वाजता आमच्या बाबांची परीक्षा झाली. आणि ते चक्क पास झाले... तेव्हापासून माझं डोकं जे सणकलंय, ते अजून थाऱ्यावर नाही.

सांगते. बाबांना चार वर्षांपासून डिमेन्शिया आहे. इथे जबलपूरला एक संस्था अशा पेशंटसाठी रोज आठ तास घरी माणूस पाठवते, गरज वाढली तर पुढे केंद्रात कायमची जागाही देते. पण ‘पात्र’ ठरलात तर! ते ठरवायला सिविल लाइंसच्या ऑफिसातून एक साहेब फॉर्म घेऊन आले होते.

खरं तर घरी येणारा तो मदतीचा माणूस आईसाठी हवा होता. ती बाहत्तर वर्षांची, कमरेला पट्टा, आणि दाराच्या कुलपाची किल्ली कायम कमरेलाच खोचलेली. मागच्या महिन्यात एकदा कुलूप लावायला विसरून ती आंघोळीला गेली, तेवढ्यात बाबा घरातून निघाले, ते थेट नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलाजवळ सापडले. पायात चप्पलसुद्धा नव्हती... ओळखीच्या एका ऑटोवाल्या भैयाने घरी आणून सोडलं, त्याचे उपकार कसे फेडायचे?

साहेबांनी बसल्या बसल्या नियम सांगितला. प्रश्न फक्त पेशंटला, घरच्यांनी मध्ये बोलायचं नाही. आता बोला! ज्याला आठवत नाही म्हणून अर्ज केला, त्यालाच विचारायचं, की बाबा रे, तुला आठवतं का?

तरी मी गप्प बसले. आईने मला डोळ्यांनीच दटावलं होतं.

“बाबूजी, खाना खुद खा लेते हैं?” बाबा पाठ ताठ करून म्हणाले, “हाँ जी.” “नहाना, कपड़े पहनना?” “हाँ जी.” “दवाई याद से लेते हैं?” “हाँ जी.” आणि साहेबांचं पेन आपलं टकाटक टिका मारून राहिलं!

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बाबांनी चौतीस वर्षं फॅक्टरीत हिंदीत काढली, भांडायचेसुद्धा हिंदीत. ती हिंदी गेल्या दोन वर्षांत पार पुसली गेली. आता कळते ती फक्त मराठी, तीही लहानपणची, नागपूरकडची. हिंदीतलं एकच काय ते शिल्लक आहे... साहेब समोर आला की ताठ बसायचं आणि ‘हाँ जी’ म्हणायचं.

“अकेले बाहर जाकर लौट आते हैं?” “हाँ जी.”

बस्स! माझा पारा चढला. मी म्हटलं, रुकिए भैया, दो सवाल मेरे भी. आणि अगदी त्यांच्याच सुरात विचारलं, “बाबूजी, आज सुबह आप हवाई जहाज उड़ाकर आए?” “हाँ जी.” “और ये साहब आपके पिताजी हैं?” बाबांनी त्या पस्तिशीच्या माणसाकडे मोठ्या आदराने पाहिलं. “हाँ जी.”

आईला हसू फुटलं, आणि लगेच डोळ्यांना पदर गेला. मला तर स्वतःचीच लाज वाटली. आपल्याच बापाला परक्या माणसासमोर वेड्यात काढल्याशिवाय मदत मिळत नाही, ही कुठली रीत झाली हो?

साहेबांचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता... म्हणाले, दीदी, मैं क्या करूँ, फॉर्म ही हिंदी में है. मग पेन खाली ठेवून, चलो, आप मराठी में पूछ लीजिए. आईकडे बोट दाखवून म्हणाले, पूछिए, ये कौन हैं.

मी विचारलं, “बाबा, ही कोण?”

बाबांनी आईकडे बराच वेळ पाहिलं. मग साहेबांकडे वळून, मराठीत, अगदी काळजीने म्हणाले, “ह्या बाई इथंच कामाला आहेत, साहेब. नाव नाही माहीत मले. पण रोजच ओव्हरटाइम करून राहिल्या. यांना सुट्टी काहून देत नाही तुम्ही? घरी जाऊ द्या न त्यांना... थकल्या बिचाऱ्या.”

आई उठून आत निघून गेली. एकोणपन्नास वर्षांचा संसार आहे त्यांचा.

हे सगळं हिंदीत मलाच सांगावं लागलं. साहेबांनी फॉर्म मागून-पुढून पाहिला आणि हळूच म्हणाले, “दीदी, माताजी के लिए तो इसमें कॉलम ही नहीं है.”

नाहीच ना! पेशंटला शर्टाची बटणं लावता येतात का, याला कॉलम आहे. ती बटणं रोज लावणारी बाई अजून किती दिवस उभी राहू शकेल, हे कोणी विचारायचं? शेवटी साहेबांनी सगळ्या टिका खोडल्या आणि ‘मराठी जाणणाऱ्याकडून फेरतपासणी’ असं लिहून घेतलं. म्हणजे पुन्हा वाट बघा...

दोन दिवस मी जो भेटेल त्याच्यासमोर त्या फॉर्मचा उद्धार करत होते. मग लक्षात आलं, मी याच गावात, वीस मिनिटांवर राहते. दर रविवारी जाते, आईच्या हातचा चहा पिते आणि ‘तब्येत सांभाळ गं’ म्हणून परत येते. माझ्याकडे तरी कुठे होता आईचा कॉलम?

फेरतपासणी अजून व्हायची आहे. पण बाबांनी सुट्टी मंजूर केली, ती तरी वाया जाऊ नये. म्हणून काल रविवारी किल्ली मी माझ्याकडे घेतली आणि आईला बळेच मावशीकडे पाठवलं.

दुपारी बाबांनी विचारलं, “त्या बाई नाही आल्या आज?” मी म्हटलं, सुट्टीवर आहेत.

“चांगलं केलं,” म्हणाले... आणि आई येईपर्यंत दाराकडे बघत बसले.