सेतुरावांचं लिव्हर आणि मामींचा काढा

आमच्या लॅबमध्ये पाल्याचा अर्क तासन्‌तास आटत असतो. तोवर करायचं काय? गप्पा! अर्क उरतो चमचाभर, किस्से मात्र बादलीभर!

*

मी साताऱ्याहून इकडे तमिळ मुलखात, शोळिंगनल्लूरच्या या लॅबमध्ये नवीनच आले होते. सेतुराव आमचे सीनियर, तंजावरी मराठी. फॅटी लिव्हरवर आम्ही जिचा अर्क काढतो ती 'कीळानेल्ली' त्यांनी दाखवली. मी म्हटलं, "हा तर भुईआवळा! आमची आई अंगणातून उपटून फेकते."

"अय्यो! तुम्ही औषध फेकतां, मग आम्हांस पगार कशास?"

*

खरा अर्क कुठल्या बाटलीत आणि नुसतं कडू पाणी कुठल्या, हे चाचणीत कुणाला कळू द्यायचं नाही, हा सेतुरावांचा आवडता धडा. आम्हाला शिकवून पोट भरलं नाही, की घरी जेवताना मामींना! मामी म्हणजे त्यांची बायको.

*

आणि एक दिवस सोनोग्राफीत खुद्द सेतुरावांनाच फॅटी लिव्हर निघालं! मामींनी फर्मान काढलं, "रिपोर्ट नीट आला तरच लेकीच्या लग्नांत पुरणपोळी."

पुरणपोळीवर जीव टाकणारा माणूस! लिव्हरवर चरबी चढावी म्हणून चाचणीच्या उंदरांना देतात तो तुपकट खुराक मळताना त्यांचा चेहरा बघून मला खरंच वाईट वाटलं.

"उंदरांस तूप, अन् मज ओट्स!"

*

चालायचंही ठरलं. पावलं मोबाइल मोजणार. सेतुरावांनी मोबाइल ठेवला शेकरवर, म्हणजे बाटल्या हलवायच्या यंत्रावर, आणि स्वतः कॉफी पीत बसले.

संध्याकाळी मामींनी आकडा बघितला. "महाबलिपुरम जाऊन आलां की! चप्पल कशी झिजली नाही?"

दुसऱ्या दिवसापासून मामी स्वतः बरोबर चालू लागल्या.

*

लॅबचा अर्क माणसांना द्यायचा नसतो. म्हणून मामी घरूनच कीळानेल्लीच्या काढ्याची बाटली देत. ती नाक दाबून रिकामी केली की सेतुराव कॅन्टीनमध्ये मेदूवडा मागवत. "काढ्यास पण काम पाहिजे की!"

वर कुरकुर, "कॅन्टीनवाला आळशी झाला. हल्ली वड्यास भोक नाही, चव नाही!"

*

लग्नाच्या तोंडावर नवा रिपोर्ट आला. मामी तो घेऊन थेट लॅबमध्येच आल्या. सगळ्यांसमोर त्यांनी पाकीट उघडलं. लिव्हर नॉर्मल!

सेतुरावांनी आम्हाला गोळा केलं. "पाहिलां? वडे खाऊन सुद्धां! हा काढ्याचा प्रताप!"

मामींनी डोळे पुसले. "काढा कुठला? बाटलींत कारल्याचें पाणी होतें. अन् तुमचे वडे कॅन्टीनवाला माझ्या अप्पेपात्रांत करतो, थेंबभर तेलांत."

"मज सांगितलें कां नाही?"

"तुम्हीच सांगतां न्हवे, बाटलींत काय आहे तें कुणास कळूं देऊं नये!"