पेन्शन म्हणजे वजन

पेडण्याच्या बाजारात आम्ही पेन्शनर रोज सकाळी एकाच हॉटेलात जमतो. नवं सांगायला कुणाकडे काही नसतं, तरी पातळभाजी येईपर्यंत एखादा किस्सा निघतोच. त्यातले बरेचसे मास्तरांचे.

गोविंद मास्तर हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. रिटायर झाले, पण शब्दांची मुळं खणायची खोड काही गेली नाही. एकदा म्हणाले, "पेन्शन हा शब्द लॅटिनमधल्या तोलण्यावरून आला. पूर्वी पैसे तोलून देत!"

शेजारी आत्माराम. सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक तोलण्यात त्याची सारी नोकरी गेली. तो उसळलाच, "मगे जल्मभर पेन्शन हांवच वांटतालों!"

*

मास्तरांनी हेच घरी बायकोला, सुमनवहिनींना ऐकवलं. शुक्रवार होता, मास्तर म्हापशाहून बाजार घेऊन आले होते.

पिशवीतल्या मिरच्या बघत वहिनी म्हणाल्या, "लॅटिन तोलतात, आणि मिरच्यो न तोलतां हाडटात!"

*

गेल्या वर्षी वहिनी आजारी पडल्या. दर खेपेला डॉक्टर आधी वजन बघायचे आणि दर खेपेला ते उतरलेलं असायचं. मास्तर टेबलाशी यायचे, पण एकही शब्द खणायचे नाहीत. आम्हाला फार वाईट वाटायचं.

एकदा आत्मारामनं विचारलं, "वैनी कशी आसा?"

"उणी भरली," मास्तर म्हणाले. त्या दिवशी भाजी तशीच राहिली.

*

हा किस्सा दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलेला. वहिनी वाहणा न काढताच काट्यावर चढायच्या. नर्सनं टोकलं, तर दाराबाहेरच्या मास्तरांकडे बघत हळूच म्हणाल्या, "आसूं दी गो. तितलेंच तांकां बरें दिसता."

*

वहिनी आपल्या पायांनी घरी आल्या तर नारळांनी तुळाभार करीन, असा मास्तरांचा नवस होता. वहिनी आल्या. चोपड्याच्या देवळात आम्ही सगळे गेलो. मास्तरांनी जुन्या वजनाच्या हिशेबानं नारळ आणले होते.

वहिनी एका पारड्यात बसल्या. दुसऱ्यात नारळ. वहिनींचं पारडं वरच राहिलं.

भटजी नारळ काढू लागले. एक काढला, दुसरा काढला, आणखी काढले. तरी पारडं खाली येईना. वहिनी मान खाली घालून पदर चाळवत बसल्या.

मास्तर पुढे झाले. काढलेले नारळ त्यांनी एकेक करून परत पारड्यात ठेवले.

"मास्तर, समान जावंक जाय मरे!" भटजी म्हणाले.

"जातलें," मास्तर म्हणाले. "हांव थांबतां."