कुलूप नसलेली खोली

पंजाबातल्या आमच्या पिंडात, म्हणजे गावात, गुरमेज कौर तंदूर चालवायची. नवरा गेल्यापासून अख्ख्या गल्लीच्या रोट्या तिच्याकडेच. गल्लीतला दुसरा तरुण चिट्ट्याने, म्हणजे हेरॉइनने, मेला, तेव्हा तिने गुरुद्वाऱ्याच्या अंगणात, सगळ्यांदेखत, विकणाऱ्या शिंदाचं नाव घेतलं. पुरुष माना खाली घालून बसले.

आठवडाभरात पोलीस आले. तिच्या वैरणीच्या खोलीतून त्यांनी तीनशे ग्रॅम चिट्टा काढला आणि तिला धरून नेलं. त्या खोलीला ना दार, ना कुलूप; निम्मी गल्ली तिथे वैरण टाकते.

एवढ्या मालावर जामीन म्हणजे दगडाला पाझर फोडणं. वकील सोढीसाहेब तुरुंगात भेटायला गेले.

"बीबी, दम्याचा दाखला जोडू. आजारी बाई म्हटल्यावर कोर्टाला दया येईल."

"मला कुठला दमा? शिंदाला शिव्या घालताना दम लागला होता का?"

"मग बसा आत."

"बसेन. पण खोटं खोकत बाहेर येणार नाही. खोलीला दार नाही, एवढं सांगा की कोर्टात!"

जिल्हा कोर्टाने अर्ज फेटाळला. मग शिंदाचा माणूस तिला भेटून आला. माफी माग, साक्षीदार फिरवतो, म्हणाला.

"तंदूर विझलाय, तोंड नाही," गुरमेज म्हणाली.

चंदिगडच्या हायकोर्टात सोढींनी दाराचंच सांगितलं. न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना विचारलं, "खोली हिच्या एकटीच्या ताब्यात होती, याला पुरावा काय?" ते कागद चाळू लागले. जामीन मंजूर झाला.

आता जामीनदार हवा होता. शिंदाच्या धाकाने कोणी पुढे येईना. शेवटी जमिनीचे कागद घेऊन कोर्टात आली ती तिची थोरली जाऊ, हरबन्स. सामाईक भिंतीवरून दोघींचं कित्येक वर्षांचं भांडण.

कारकुनाने विचारलं, "तुमचं हिच्याशी पटतं ना?"

"अजिबात नाही. सही कुठे करू?"

तुरुंगाच्या फाटकाबाहेर गुरमेजने तिला पाहिलं. "तू कशाला आलीस?"

"मग भांडू कोणाशी?"

गुरमेज तिथेच रस्त्यावर बसली आणि पहिल्यांदा रडली.

खटला अजून चालू आहे. तारखेला दोघी बसने जातात, वाटभर कचाकचा भांडत. परवा बस अड्ड्यावर शिंदा आडवा आला.

"बीबी, शिक्षा झाली तर?"

"तर आतल्या बायकांना तुझं नाव सांगत बसेन. हो बाजूला."

तो खरंच बाजूला झाला. मी तिथेच उभी होते.