फू मावशींची फुकटची पात

फू युछ्युंग मावशींनी आयुष्यात कांद्याची पात कधी विकत घेतली नव्हती. आल्याचे पैसे दिले, लसणीचे दिले. सोया सॉसचे तर सतत देत, कारण त्यांचा नवरा थांग भातावर सॉस ओतत नाही, सॉसमध्ये भात बुडवतो. पण पातीचे? छे! भाजी घ्यायची, पिशवीचं तोंड उघडंच धरायचं, भाजीवालीकडे बघून हसायचं आणि चार काड्या पात अलगद आत पडायची, ही लेशान शहरातली जुनी रीत. इतरांना चार काड्या मिळत, मावशींना मूठभर. त्यासाठी लागणारं हसू त्यांनी एकतीस वर्षं घासूनपुसून लख्ख ठेवलं होतं. घरी त्या ते वापरत नसत, उगाच झिजायचं.

लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूने त्यांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. आंबवलेल्या मिरचीच्या बरणीत ओला चमचा घालायचा नाही आणि पातीला पैसे द्यायचे नाहीत. पहिली गोष्ट थांगने तीनदा मोडली. दुसरीला धक्का लावायची कोणाची छाती झाली नाही. 'फुकट पातवाली फू' म्हणून मावशींचं सगळ्या गल्लीत नाव होतं, आणि हे नाव त्या कुंकवासारखं मिरवत.

त्या हिवाळ्यात मात्र पावसाने मळे कुजवले आणि पात डुकराच्या मांसापेक्षा महाग झाली. नेमक्या त्याच रविवारी मावशींच्या एकुलत्या एक मुलासाठी बोलणी करायला मुलीची आई, वू बाई, जेवायला येणार होती. बेत ठरलेला होता, वाफवलेला अख्खा मासा. वर पातीचे उभे बारीक चिरलेले धागे आणि त्यावर चर्र करून कडकडीत तेल. पातीशिवाय तो मासा म्हणजे आजाऱ्याचं पथ्य. असा मासा पुढे ठेवला तर सोयरीक जुळायची कशी?

शुक्रवारी मावशी ल्याव भाजीवालीच्या गाळ्यावर गेल्या. वर पुठ्ठ्याची पाटी लटकत होती, 'पात मागू नये. हसू नये.'

"ल्याव, ही पाटी माझ्यासाठी नाही ना गं?"

"मावशी, तुमचा चेहरा डोळ्यांसमोर आणूनच लिहिलीय."

मावशींनी मुळे घेतले आणि हसल्या. ल्याव आकाशाकडे बघत राहिली. मावशींनी कमळकाकडी घेतली, आता दाढाही दिसतील इतक्या हसल्या. ल्यावने तराजू पुसायला घेतला.

"मग तो कोहळाही दे," मावशी म्हणाल्या. "तो मोठा."

लोक आवळा देऊन कोहळा काढतात. मावशी कोहळा घेऊन पात काढायला निघाल्या होत्या.

"हा आल्याचा तुकडा घ्या वरून, मूठभर तिरफळं घ्या, मला दत्तक घ्या," ल्यावने हात जोडले. "पण पात नाही! काल नवऱ्याने नूडल्सवर घालायला मागितली, त्यालाही वजन करून दिली."

घरी कोहळा दारातून आत येईना. थांगने तो आडवा करून ओढला.

"विहीणबाई येणार आहेत की पलटण?"

"तू गप बस, म्हाताऱ्या. डोकं चालवतेय मी."

डोकं वर गच्चीकडे गेलं. वरच्या मजल्यावरच्या ल्वोने फुटक्या बादल्यांमध्ये पात लावली होती. अशी हिरवीगार, की खालून जाणारे मान वर करून बघत आणि फाटकाला धडकत. ल्वो कठड्यावर रेलून वाटच बघत होती.

"फू दीदी, पात हवी? देते की! फक्त माजाँग खेळताना टेबलावर सगळ्यांपुढे म्हणायचं, 'ल्वो, माझ्यावर दया कर.'"

"माशावर एक वेळ गवत घालीन," मावशी म्हणाल्या आणि खिडकी आपटली.

शेवटी शनिवारी सकाळी त्यांनी तोंडाला मास्क लावला, थांगची कानटोपी डोळ्यांपर्यंत ओढली आणि बसने नदीपलीकडच्या बाजारात गेल्या. तिथे त्यांना काळं कुत्रंही ओळखत नव्हतं. लाल दोरीने बांधलेली एक जुडी त्यांनी चोरल्यासारखी उचलली आणि हळूच फोन टेकवून पैसे भरले. गाळ्यावरची पेटी अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी केकाटली, "नऊ युआन जमा! धन्यवाद!"

"फू दीदी?" मागून आवाज आला.

ल्वो होती. तिच्याही तोंडाला मास्क, आणि टोपलीत मुळांसकट पातीच्या सहा जुड्या.

"तू इथे कशाला?" मावशींनी विचारलं. "तुझं तर वर शेत आहे!"

ल्वोने खालच्या आवाजात सांगितलं, "शेतात खोचायलाच नेतेय. माझी पात दिवाळखोराच्या मिशीसारखी, कधी वाढलीच नाही."

दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. मग एकाच बसमध्ये चढल्या. एक पुढे बसली, एक मागे, आणि घरी येईपर्यंत दोघींनी खिडकीबाहेरची नदी अशी न्याहाळली, जणू त्यांना तिचा भागच विकत घ्यायचा होता.

रविवारी वू बाई आल्या. बाई म्हणजे उभा बांबू. चहाला "बरा", कमळकाकडीला "बरी", मुलाच्या नोकरीला "बरी". मासा आला. मावशींनी पातीवर तेल ओतलं, चर्र झालं, घरभर वास सुटला. वू बाईंच्या नाकपुड्या पहिल्यांदाच हलल्या. इतक्यात आतून थांग लाल दोरी नाचवत आला.

"अगं, आपल्या पातीला दोरी कशी? फुकटच्या पातीला कोण कधी दोरी बांधतं?"

मावशींचे कान मिरचीच्या बरणीसारखे लाल झाले. वू बाईंनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"विकत घेतली," मावशी म्हणाल्या. एकतीस वर्षांचं नाव त्या दोन शब्दांत वाहून गेलं.

"या भावात?" वू बाईंनी विचारलं.

"हो."

"आमच्यासाठी?"

"मग काय या म्हाताऱ्यासाठी?"

वू बाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "मी माझ्या स्वतःच्या लग्नात पात विकत घेऊ दिली नव्हती. आईशी भांडले होते. आणि तुम्ही..." त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "मुलगी दिली. तारीख तुम्ही काढा."

मग दोघी विहिणी डोक्याला डोकं लावून माशावर वाकल्या आणि पातीचा एकेक धागा वेचून एकमेकींच्या वाडग्यात घालू लागल्या. "घ्या हो!" "नाही, तुम्ही घ्या!" माशाकडे बघायला कोणी तयार नव्हतं.

"आणि मासा कोणी खायचा?" थांगने विचारलं.

"तू गप बस, म्हाताऱ्या!" वू बाई म्हणाल्या.

फू मावशींना तेव्हा पक्कं कळलं, नातं जुळलं.