एकेकटी बाकं

शैलाच्या भावाचा, अशोकचा फोन आला तेव्हा मी तिच्यावर रागावलेली होते. नऊ दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. "ताई गेली," एवढंच तो म्हणाला. सकाळी चहा घेताना छातीत दुखायला लागलं, आणि भोईवाड्यातल्या घरापासून हॉस्पिटल इतकं जवळ असूनही तिथे पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. फोन ठेवल्यावर मला रडू आलं नाही, चरफड झाली. भांडण अर्धवट टाकून माणूस जातोच कसा... आज पाच आठवडे झाले, तरी ती चरफड गेलेली नाही.

शैला परब आणि मी परळच्या एका शाळेत एकोणीस वर्षं एकत्र होतो. ती गणित शिकवायची, मी इतिहास. आमचे वर्ग शेजारी-शेजारी, मध्ये नुसतं लाकडी पार्टिशन. शिक्षकांच्या खोलीत निवडणुकीवरून किंवा सुट्ट्यांवरून वाद पेटला की सगळ्यांचे आवाज चढायचे आणि शैला मोसंबं सोलून दोन्ही बाजूंना फोडी वाटत बसायची. "तुझं मत काय ते सांग की," असं म्हटलं की म्हणायची, "मला दोघांचंही पटतंय गो." तिचा हा स्वभाव कधी मला फार आवडायचा, कधी अगदी डोक्यात जायचा.

सेहेचाळिसाव्या वर्षी तिने नोकरी सोडली आणि थायलंडमधल्या एका खासगी शाळेत, इंग्रजी माध्यमाच्या वर्गांना गणित शिकवायला गेली. जाण्याआधी करारपत्र घेऊन माझ्याकडे दादरला आली होती. त्यात लिहिलं होतं की परदेशी शिक्षकांनी राजकारणावर आणि शेजारच्या देशांबरोबरच्या वादांवर वर्गात काही बोलायचं नाही. "हे तर मला फुकटात जमतं," ती हसून म्हणाली. पहिली काही वर्षं खरंच मजेची गेली. तिथल्या मुलांचं कंबोडियाशी सदा काहीतरी चाललेलं. मंदिर कोणाचं, नाच पहिला कोणाचा... आणि ही भारतीय म्हणून निवाड्याला हिलाच बसवायची. "टीचर, राम तुमच्याकडचा. मग रामकथेचा नाच आधी कोणी बसवला, आम्ही की त्यांनी?" ही म्हणायची, "मी गणित शिकवते." मग वर्ग हसायचा. हा किस्सा तिने मला व्हिडिओ कॉलवर दोनदा तरी सांगितला असेल.

मग त्या दोन देशांच्या सीमेवर गोळीबार झाला. शैलाच्या वर्गात रतना नावाची एक मुलगी होती. नाव आपल्याकडचं वाटावं असं, पण मुलगी कंबोडियाची. तिची आई त्याच शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. काल-परवापर्यंत जिच्या डब्यात सगळे हात घालायचे, तिच्याशेजारी आता कोणी बसेना. मुलं शैलाकडे आली. हिला दुसरीकडे बसवा म्हणाली. शैलाने काय केलं, तर दोन-दोन जोडून ठेवलेली सगळी बाकं सुटी करून पस्तीसही मुलांना एकेकटं बसवलं. कोणी कोणाच्या शेजारी नाही, म्हणजे तक्रारच नाही. दोन दिवसांनी रतनाने वही तपासायला देताना हळूच विचारलं, "टीचर, तुम्ही काहीच का बोलत नाही?" शैला म्हणाली, "मी गणित शिकवते." या वेळी कोणी हसलं नाही. महिन्याभरात मायलेकी गाशा गुंडाळून आपल्या देशात परत गेल्या.

हे सगळं तिने मला या वेळच्या रजेत, गिरगावातल्या एका हॉटेलात समोरासमोर बसून सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाली, "मी कोणाचीच बाजू घेतली नाही."

"घेतलीस," मी म्हटलं. "चौतीस जणांची घेतलीस."

"तुला बोलायला काय जातंय? माझा व्हिसा दर वर्षी त्यांच्या सहीवर असतो. दुसऱ्याच्या घरात राहून त्यांच्या भांडणात तोंड घालून बघ एकदा."

"देशांच्या भांडणात नको घालू गं. पण ती तुझ्या वर्गातली मुलगी होती."

शैलाने समोरचा कप बाजूला सारला. मग म्हणाली, "आणि सना?"

मला आधी आठवेना. तिनेच आठवण करून दिली. भारत-पाकिस्तान मॅचच्या दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातल्या पोरांनी सनाला उभं केलं होतं आणि काल टाळ्या कोणासाठी वाजवल्यास, म्हणून तिला विचारत होती. "पार्टिशनच्या पलीकडून मी सगळं ऐकत होते," शैला म्हणाली. "तू 'शांत बसा' म्हणालीस आणि धडा पुढे सुरू केलास. तुझा तर व्हिसा नव्हता, नोकरी कायम होती. आणि तू इतिहास शिकवत होतीस."

मी उठले आणि घरी आले. तिचे दोन फोन आले, ते घेतले नाहीत. तिचं बोलणं खोटं असतं तर मी नक्की घेतले असते.

शोकसभा भोईवाड्यातच झाली. थायलंडच्या शाळेतून पत्र आलं होतं, ते अशोकच्या मुलीने मराठी करून वाचलं. शैला मॅडम सदैव तटस्थ राहिल्या, परदेशी शिक्षकाने कसं असावं याचा त्या आदर्श होत्या, असं त्यात होतं. लोकांनी माना डोलावल्या. मला भयंकर राग आला. पुढचं नाव माझंच होतं. आणि मी उठून काय बोलले, तर शैलाच्या हातचं आंबोळी-सांबारं आणि तिची फळ्यावरची सुरेख आकृती. म्हणजे पुन्हा धडाच पुढे सुरू केला. सना आता कुठे असते मला माहीत नाही. शोधायला निघाले तर सापडेल, एवढं मात्र माहीत आहे.

मागच्या आठवड्यात शैलाची पुस्तकं बघायला अशोकने मला बोलावलं. तिची खोली अजून तशीच आहे. खिडकीच्या कट्ट्यावर तिचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. "ही रतना कोण, बाई?" अशोकने विचारलं. "शेवटच्या आठवड्यात ताई रोज हिला मेसेज करत होती. एकही पोचलेला नाही." त्याने दाखवले. सात-आठ होते, साध्या इंग्रजीत. कशी आहेस, शाळा मिळाली का, आई बरी आहे ना. पहिला आमच्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशीचा होता... 'त्या वेळी मी बोलायला हवं होतं. माझं चुकलं.' प्रत्येकापुढे एकच राखाडी टिक. माझ्या न घेतलेल्या दोन फोनांत ती हेच सांगणार होती, की आणखी काही, ते आता मला कधीच कळणार नाही.

"ताईचा नंबर बंद करायचा म्हणतोय," अशोक म्हणाला.

"नको," मी म्हटलं. "तिच्या वर्गातली मुलगी आहे ती. कधीतरी फोन उघडेल."

त्याने मान हलवली आणि वायर नीट बसवून मोबाइल पुन्हा कट्ट्यावर ठेवला. स्क्रीन वरच्या बाजूला करून, जाता-येता दिसेल असा.