जादाची शिकवणी

आमच्या ह्यांनी छत्तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली. अशा माणसाला घरात बसवणं किती कठीण असतं, ते मला विचारा. निवृत्त झाल्यावर पहिले दोन महिने ते खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे आणि खालून गाडी गेली की म्हणायचे, "सहा मिनिटं लेट." मी म्हणायची, "असू दे लेट. तुम्हाला कुठे चढायचंय?" की गप्प. एरवी दिवसभर शेकडो माणसांशी हुज्जत घालणारा माणूस, पण जेवताना मीठ मागायलाही तोंड उघडेना.

मग एके दिवशी जुन्या दोस्तांना भेटायला डेपोत गेले आणि येताना कुत्रा घेऊन आले. तपकिरी, एक कान पडलेला, अंगावर नुसती हाडं. मला विचारणं नाही, सांगणं नाही, वर नाव ठेवून मोकळे. जादा. "घरात आपण दोघं होतोच, हा जादा," म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच हसले होते, पण ते माझ्या लक्षात आलं नाही.

येणार कसं? माझं डोकं तापलेलं होतं. मी घरी शाळेचे गणवेश शिवते. जादाने चौथ्याच दिवशी शिवून ठेवलेल्या बावीस कॉलरींचा चोथा केला आणि वर त्याच ढिगावर पसरून झोपला. मी तणतणत तळमजल्यावर गेले, मालकीणबाईंकडे. त्या आमच्या घरमालकीण. एकट्या राहतात, मोजकं बोलतात आणि बोललेला शब्द मागे घेत नाहीत. मी म्हटलं, "कुत्रा चालणार नाही, असं तुम्हीच सांगा ना ह्यांना. माझं नाव मात्र घेऊ नका." हो, मीच म्हटलं. आता लपवून काय करू?

दुसऱ्या दिवशी त्या वर आल्या. नेहमीप्रमाणे दारातच उभ्या, एक हात चौकटीवर. "महिनाअखेरच्या रविवारी बघायला येईन," म्हणाल्या. "कुत्रा शहाण्यासारखा वागला तर राहील. नाहीतर त्याला दुसरं घर बघा." माझं नाव घेतलं नाही. ह्यांचा चेहरा एवढासा झाला. मी खाली मान घालून भाजी चिरत राहिले.

त्या दुपारी ह्यांनी ट्रंक उघडली आणि तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच बाहेर काढला. तिकिटाची मशिनं आल्यावर डेपोने तो असाच देऊन टाकला होता. पंच एकदा वाजला की थांब आणि बस, दोनदा वाजला की चल. या माणसाला दुसरी भाषा येतच नव्हती, तर कुत्र्याला कोणती शिकवणार?

पहिले तीन दिवस सगळा आनंद. पंच वाजला की जादा धावत यायचा आणि हे प्रेमाने टोस्टचा तुकडा द्यायचे. टिक म्हणजे टोस्ट, एवढंच तो शिकला. शेवटी मलाच राहवेना. शिलाई मशिनवरून म्हटलं, "अहो, आधी बसू दे, मग द्या. तिकीट न काढता कुणाला जागा द्यायचात का?" ते माझ्याकडे बघतच राहिले. संध्याकाळपर्यंत जादा बसायला लागला.

मग काय विचारता. सकाळी दाढी, इस्त्रीचा शर्ट, नऊच्या ठोक्याला वर्ग सुरू. "तिकीट" म्हटलं की जादा उजवा पाय वर करून दाखवायचा. आणि "पुढे सरका" म्हटलं, की दारात अडून उभ्या असलेल्या माणसाच्या मागे जाऊन गुडघ्याला डोकं लावून ढकलायचा. याचा सराव कुणावर? माझ्यावर. हातात आमटीचं पातेलं घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारातून तीनदा ढकलले गेले. शिव्या घातल्या, पण हसू आवरत नव्हतं. जेवताना हे आता जादाची प्रगती सांगायचे, त्यावरून डेपोतल्या गोष्टी निघायच्या, आणि ताटं वाळून जायची तरी आम्ही उठत नव्हतो. कॉलरींना त्याने पुन्हा तोंड लावलं नाही.

मला माझीच लाज वाटायला लागली. गुपचूप खाली गेले आणि मालकीणबाईंना म्हटलं, "माझी तक्रार मागे घेते. रागाच्या भरात बोलले." त्या म्हणाल्या, "तू मागे घेशील, पण मी येते म्हणून शब्द दिलाय. कुत्रा बघितल्याशिवाय काही सांगणार नाही." पुढे बोलायची सोयच ठेवली नाही.

रविवार आला. ह्यांनी जादाला आंघोळ घातली, स्वतः दोनदा केली. दहा वाजता मालकीणबाई दारात, हात चौकटीवर. पंच एकदा वाजला, जादा बसला. "तिकीट" म्हटल्यावर पाय वर. दोनदा वाजला तसा खिडकीपर्यंत जाऊन आला. मालकीणबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलेना. इतकं सगळं सरळ झाल्यावर थांबायचं की नाही? पण छत्तीस वर्षं ज्याने कुणाला दारात उभं राहू दिलं नाही, त्याची जीभ ऐकते थोडीच. ह्यांच्या तोंडून निघून गेलं, "बाई, दारात उभ्या राहू नका, पुढे सरका."

जादा उठला. त्यांच्या मागे गेला, गुडघ्याला डोकं लावलं आणि निघाला ढकलत. त्या पडल्या नाहीत, पण थांबताही येईना. एक पाऊल, दुसरं पाऊल, कापडाच्या गठ्ठ्याला वळसा, आणि थेट माझ्या मशिनच्या खुर्चीत. बसल्याच. जादा समोर बसून टोस्टची वाट बघायला लागला.

हे पांढरेफटक. पंच हातातून गळून पडला. मला वाटलं, संपलं. आता हा कुत्रा जाणार आणि हे परत खिडकीशी बसून गाड्या मोजणार. मग मात्र मी गप्प राहिले नाही. "यात त्याची चूक नाही, ह्यांचीही नाही," मी म्हटलं. "अहो, तक्रार मीच केली होती. कॉलरींवरून. शिक्षा करायची तर मला करा." बोलता बोलता रडायलाच लागले.

हे वाकून पंच उचलत म्हणाले, "ठाऊक होतं मला. गाडीत तक्रार कोण करतंय, ते कंडक्टरला पाठ फिरवली तरी कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"कॉलरी खरंच खाल्ल्या होत्या त्याने. काय बोलणार?"

मालकीणबाई खुर्चीत तशाच बसून होत्या. खोलीकडे बघत होत्या. माझं मशिन, भिंतीवरचं कॅलेंडर, आतलं स्वयंपाकघर. मग जादाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "राहू दे त्याला. अकरा वर्षं मी या दारात येते. मला आत घेणारा हा पहिलाच."

दिवसभर बडबडणारी बाई मी, अख्ख्या गल्लीची विचारपूस करते, आणि अकरा वर्षांत त्यांना एकदाही "आत या" म्हटलं नव्हतं. म्हटलं, "बसा, चहा टाकते," आणि आत गेले. कप काढायला लागले तर चांगले दोनच निघाले. तिसरा कानतुटका. आमच्याकडे चहाला कुणी बसलंच नव्हतं कधी. चांगला कप मी त्यांना दिला आणि तुटका स्वतः घेतला, आणि त्यांनी सावकाश, तासभर पुरवून चहा प्यायला.