भाजीवरचा सांबार आणि माझी सही

पाटणकरांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि तीच क्लिप तिसऱ्यांदा लावली.

"मॅडम, नीट बघा. लेबल चिकटवलं. आता हात काउंटरच्या खाली गेला. आता वर आला. हातात काय आहे?"

"सांबार," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"कोथिंबीर. आमच्याकडे सांबार म्हणतात."

त्यांनी वहीत 'कोथिंबीर' लिहिलं, पुढे 'हिरव्या मिरच्या, दोन' असं लिहिलं आणि पुढची क्लिप लावली. अशा अकरा क्लिपा होत्या. सगळ्यांत हात एकच होता, शोभाताईंचा.

पाटणकर आमच्या कंपनीच्या लॉस प्रिव्हेन्शनमधले. दुकानातला माल बिल न होता कुठून गळतो, ते शोधणारं हे खातं. पुण्याहून ते न सांगता यायचे. माणूस वाईट नव्हता. चहाला नाही म्हणायचा नाही, आवाज चढवायचा नाही. पण त्यांच्यासमोर बसलं की आपण लहानपणी शेजारच्या अंगणातून उचललेला पेरूसुद्धा आठवायला लागतो.

मी तेव्हा अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या सुपरमार्केटची स्टोअर मॅनेजर होते. मूळची अकोल्याची. घरचे सगळे अकोल्याला आणि मी इथे खोली घेऊन राहणारी, त्यामुळे दुकान हेच माझं घर झालेलं. हाताखाली बावीस माणसं. त्यांत वयाने सगळ्यांत मोठ्या शोभाताई, भाजी सेक्शनला. घरची थोडी वाडी होती. वांगी, पालक, झेंडू निघायचा. सासूबरोबर वीस वर्षं बाजारात बसून त्यांनी तो माल विकला होता. नवऱ्याचा मणका गेला, वाडी दिराकडे गेली, आणि त्या आमच्याकडे युनिफॉर्म घालून उभ्या राहिल्या.

आता सांबाराचं सांगते. आमच्या भागात भाजी घेतली की वर चार काड्या सांबार आणि दोन मिरच्या विकणाऱ्याने टाकायच्या असतात. त्याचे पैसे कोणी मागत नाही, कोणी देत नाही. न टाकणाऱ्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा जात नाही, एवढंच. सुपरमार्केटमध्ये मात्र वजन करायचं, बारकोडचं लेबल लावायचं आणि जे लेबलवर आहे तेच पिशवीत जायचं.

मी बदलून आले तेव्हा आमचा भाजी सेक्शन मेल्यात जमा होता. लोक तांदूळ, साबण, तेल आमच्याकडे घ्यायचे आणि भाजी दारासमोरच्या हातगाडीवर. वरून रोज विचारणा व्हायची. एका सकाळी मीटिंगमध्ये, सगळ्या स्टाफसमोर, मी शोभाताईंना म्हणाले, "ताई, तुमी बाजारात कशी विकत होत्या? तशीच इथं विका. बाकी माह्यावर सोडा."

त्यांनी विकली. "वहिनी, हे भेंडी नका घेऊ, जून आहे, उद्या ताजी येईन," असं त्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, गेलं हे गिऱ्हाईक. पण त्याच वहिनी दुसऱ्या दिवशी जावेला घेऊन आल्या. तीन-चार महिन्यांत हातगाडीवाला समोरून उठून चौकात गेला. हेड ऑफिसने मला शाबासकीचा मेल पाठवला. त्यात शोभाताईंचं नाव नव्हतं आणि ते घाला असं मी कळवलंही नाही.

सांबार मला माहीत होता. रोज सकाळी आम्ही खराब माल वेगळा काढून, स्कॅन करून रद्द करतो, त्याला डंप म्हणतात. त्या डंपातल्या जुड्यांमधून शोभाताई चांगल्या काड्या निवडून काउंटरखाली ठेवायच्या. मी पाहिलं होतं आणि दुसरीकडे पाहिलं होतं. मॅनेजरला हे दुसरीकडे पाहणं फार लवकर जमायला लागतं.

पाटणकरांनी शोभाताईंना ऑफिसात बोलावलं. क्लिप दाखवली. दुसरी कोणी असती तर रडली असती किंवा भांडली असती. त्या स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "हो, मीच आहे ते. डंपातला निवडून ठेवते. तो सरला का नवी जुडी सोडते."

"नवी जुडी? म्हणजे विक्रीचा माल?"

"मंग? साहेब, भाजी देल्ली अन् वर सांबार नाही, असं कसं होईन?"

पाटणकरांनी पेन खाली ठेवलं. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. "ताई, बिल न करता माल दिला की कंपनीच्या नियमात ती चोरी असते. मग ती जुडी असो नाहीतर मोबाइल. आणि डंपही कंपनीचाच माल असतो. आजपासून तुम्ही सस्पेंड. गुरुवारी चौकशी होईल. बहुतेक कामावरून कमी करतील. मी खोटी आशा दाखवत नाही."

"तुम्हाला हे कोणी सांगितलं होतं का?" त्यांनी पुढे विचारलं.

शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही, आणि म्हणाल्या, "सांगायचं काय त्यात? आपल्या इकडं देतातच."

मग त्यांनी ॲप्रन काढला, चार घड्या घातल्या आणि टेबलावर ठेवला. "पगाराचं जाऊ द्या मॅडम. मले एकच सांगा. कमी केलं तं ते इन्शुरन्सचं कार्ड बंद होईन का?"

कंपनीच्या ग्रुप इन्शुरन्समध्ये नवरा येतो. त्यांच्या नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन वीस दिवसांवर होतं. दवाखान्याने त्या कार्डावरच तारीख दिली होती. नोकरी गेली की कार्ड त्याच दिवशी बंद होतं, हे मला पाठ होतं. मी म्हणाले, "बघू."

पाटणकरांनी सस्पेन्शनचा कागद पुढे केला. खाली लिहिलं होतं, 'सदर कृत्य स्टोअर मॅनेजरच्या संमतीविना झाले आहे.' मी सही केली. अकोल्याला मोठं स्टोअर सुरू होणार होतं आणि तिथे माझं नाव चाललं होतं. घरी जायला मिळणार होतं. सही करताना मला हे सगळं आठवत होतं. लाज वाटत होती आणि तरी हात चालत होता. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात काहीच चुकीचं होईना. म्हणजे बिघाड झाला होता तो हाच. सगळे वेळेवर येत होते, सगळे युनिफॉर्ममध्ये होते, सगळे कंपनीने पाठ करून घेतलेलं "नमस्कार, मी आपली काय मदत करू?" म्हणत होते. एका आजोबांनी तांदळाची पिशवी ऑटोपर्यंत न्यायला सांगितली, तर रोज पळत जाणाऱ्या मुलीने "ते आमच्या कामात नाही काका" म्हणून हात मागे बांधले. भाजीच्या काउंटरवर दुसरी बसवली होती, तिने जून भेंडी मुकाट्याने तोलून दिली. सकाळच्या मीटिंगमध्ये मी दहा मिनिटं टीमवर्कवर बोलले. उरलेली एकवीसही माणसं माझ्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत होती.

तिसऱ्या दिवशी मी गजाननला ऑफिसात बोलावलं. तो हेड कॅशियर, दुकान उघडल्यापासूनचा, तोंडाने फटकळ आणि कामाला वाघ.

"गजू, काय चालू आहे हे?"

"कुठं काय मॅडम? कागदात आहे तेवढं सारं करून राहिलो आमी."

"मले माहीत आहे तुमी काहून असं करून राहिले ते."

"माहीत आहे तं मंग इचारता काहून?" तो दाराकडे बघत म्हणाला. "शोभाताईनं कागदाबाहेरचं केलं, ते घरी बसली. कागदाबाहेरचं सांगतलं कोनं होतं? आमी सगळे तिथंच उभे होतो मॅडम."

मला राग आला. खरं सांगायचं तर चांगलाच आला. माझ्या ऑफिसात उभं राहून मला बोलतो म्हणून आला. त्याला जा म्हणाले आणि खुर्चीत बसून राहिले. अर्ध्या तासाने राग उतरला तेव्हा खाली फक्त त्याचं वाक्य उरलं होतं, आणि त्यात खोडण्यासारखं काही नव्हतं.

मी एरिया मॅनेजरना फोन लावला. सांगितलं, उद्याच्या चौकशीत मी जबाब देणार आहे की सूचना माझी होती.

त्यांनी विचारलं, "लेखी दिली होती?"

"नाही सर, तोंडी."

"मग नव्हतीच ती. हे बघा, अकोल्याची यादी पुढच्या आठवड्यात निघते आहे. एका जुडीसाठी तुम्ही स्वतःचं नुकसान करून घेणार? बाई चांगल्या आहेत, मान्य. दुसरीकडे लागतील."

"त्यांच्या नवऱ्याचं ऑपरेशन दुसरीकडे लागेपर्यंत थांबणार नाही, सर."

"तुमची मर्जी," म्हणाले आणि फोन ठेवला.

गुरुवारी चौकशी झाली. शोभाताई इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. एचआरच्या मॅडम व्हिडिओवर, पाटणकर समोर. मी आधीच लिहून आणलेला जबाब वाचला. सूचना मी दिली, सगळ्यांसमोर दिली, त्याचा फायदा मी घेतला, सांबार मला माहीत होता.

पाटणकरांनी सस्पेन्शनचा कागद वर धरला. "मग यावर सही का केलीत?"

"घाबरले म्हणून."

व्हिडिओवरच्या मॅडम काहीतरी टाइप करायच्या थांबल्या. चौकशीत असं उत्तर बहुधा कोणी देत नसावं. शोभाताई खाली बघत होत्या.

पाटणकरांनी कागद फाइलीत ठेवला. मग जे म्हणाले त्याने मी पार ओशाळले. "मॅडम, सिस्टिममध्ये 'खरेदीसोबत मोफत' असा कोड असतो. शून्य किमतीचा. स्टोअर मॅनेजरने एक मेल टाकला की दोन दिवसांत मिळतो. साबणावर साबण कसा देता तुम्ही? तसाच. कोथिंबिरीसाठी तो मागायला कोणाची मनाई होती?"

कोणाचीच नव्हती. मला सुचलं नव्हतं, एवढंच. साबणावर साबण ही मला स्कीम वाटत होती आणि भाजीवर सांबार ही आपली घरगुती गोष्ट. एका मेलचं काम मी एका बाईच्या नोकरीवर ढकललं होतं. तो मेल मी त्याच संध्याकाळी टाकला.

निकाल चार दिवसांनी आला. शोभाताईंना ताकीद, काम चालू, कार्ड चालू. मला लेखी वॉर्निंग, आणि अकोल्याच्या यादीतून नाव गेलं. तिथे माझ्याहून चार वर्षांनी ज्युनियर असलेला एक जण गेला. चांगला आहे तो, मला मध्येमध्ये फोन करून शंका विचारतो. शोभाताईंच्या नवऱ्याचं ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं. आता ते काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. वाकून काम करणं मात्र संपलं, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे.

शोभाताई परत आल्या त्या सकाळी मी भाजीच्या काउंटरवर गेले. माफी मागायची होती. कशी मागायची ते ठरवलं नव्हतं. त्या पालक लावत होत्या.

"ताई, एक इचारू? त्या दिवशी माह्यं नाव काहून नाही घेतलं तुमी?"

"मले वाटलं तुमी सोताच घ्यान," त्या हातातली पेंडी न सोडता म्हणाल्या. "तीन दिवस लागले तुमाले."

मी क्रेटमधली पुढची पेंडी उचलून त्यांना दिली. मग गिऱ्हाईक आलं आणि त्या तिकडे वळल्या.

भाजी सेक्शनच्या आकड्यांमुळे हल्ली कंपनी मला नव्या स्टोअर मॅनेजरांपुढे बोलायला बोलावते. विषय असतो 'टीमला मोटिव्हेट कसं करावं', वेळ असतो दीड तास. मी पाच मिनिटं बोलते. आपण टीमला तोंडी जे सांगतो ते त्याच दिवशी स्वतःच्या नावाने मेलवर टाकावं, आणि टाकायची भीती वाटत असेल तर ते सांगूच नये. मग मी खाली बसते. आयोजकांची थोडी पंचाईत होते, पण चहा लवकर मिळतो म्हणून मुलं खूश असतात.